विहिरीजवळ बसलेला प्रभू

(मननाचा भाग : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ४, वचने १ ते ४२)



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत गोरगरिबांच्या सेवेविषयी बोलणे निघाले म्हणजे एक उत्तर बहुधा ठरलेले असते : "आम्हीच गरीब, आम्ही कोणास काय देणार?" हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या कणगीत पावसाळ्यापुरतेही दाणे नाहीत आणि ज्यास उद्याच्या रोजंदारीची शाश्वती नाही, त्याने दुसऱ्याच्या दारात धान्याचे पोते कोठून नेऊन टाकावे? म्हणून सेवा करणे हे मिशनचे काम, इस्पितळाचे काम, शहरांतील सुखवस्तु मंडळ्यांचे काम, नाही तर सरकारचे काम; आपण मात्र घेणारे, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. ह्या समजुतीने आपण मुळात आहो त्याहून अधिक दरिद्री झालो आहो. आज आम्ही वाचकांपुढे आपल्या प्रभूच्या चरित्रातील एक असा प्रसंग ठेवितो की, ज्या वेळी त्याच्याही हातात देण्यासारखे काहीएक नव्हते.

प्रभू यहूदीयातून गालीलाकडे चालला होता आणि वाट शोमरोनातून जात होती. सूखार नावाच्या गावाजवळ याकोबाची विहीर होती. भर दुपारची वेळ. प्रभू चालून चालून थकला होता आणि विहिरीजवळ तसाच बसला. शिष्य अन्न विकत घेण्यास गावात गेले होते. त्याच्याजवळ भाकरी नव्हती, विहीर खोल असून पोहरा नव्हता, सोबतीस कोणी नव्हते. इतक्यात शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरण्यास आली. बायका पाण्यास जातात त्या सकाळी नाही तर संध्याकाळी, आणि चौघीजणी मिळून. ही बाई दुपारच्या उन्हात एकटी येते, ह्यावरून गावाने तिला कोठे ठेवले होते हे आपणांस ओळखता येईल. तिच्या संसाराची झालेली वाताहत पुढे त्याच अध्यायात सांगितली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर उभे राहण्याची बंदी होती, त्यांना ह्या दुपारचा अर्थ कोणी फोड करून सांगावयास नको.

अशा बाईसाठी प्रभूने प्रथम काय केले? तिला दान दिले नाही, उपदेशही केला नाही. त्याने तीन गोष्टी केल्या, आणि त्या तिन्ही गोष्टी गरिबांतला गरीब मनुष्यही करू शकेल अशा आहेत.

पहिली गोष्ट, तो बसला होता. उभ्या मनुष्याशी बोलणाऱ्याच्या मनात 'हा आता जाईल' असे असते. बसलेल्याशी बोलताना मन मोकळे होते. तो थकून बसला होता, म्हणजे ऊन आणि तहान ही दोन्ही त्याची आणि तिची सारखीच होती.

दुसरी गोष्ट, त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. बंधूंनो, ह्या ठिकाणी घटकाभर थांबा. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यास शिवत नसत. म्हणून ती बाई चकित झाली. सर्व जगास जीवन देणारा प्रभू तिच्यापुढे मागणारा झाला. जिला आजवर लोक केवळ नावे ठेवीत आले, तिला त्याने देणारी केले. गरिबास धान्य देणारे पुष्कळ भेटतात, परंतु त्याच्या हातचे काही घेणारा क्वचित भेटतो. जो नेहमी घेतच राहतो, त्याची मान हळूहळू खाली जाते; आणि ज्याच्या हातचे कोणी घेते, तो मान वर करून बोलू लागतो.

तिसरी गोष्ट, तो तेथे राहिला. त्या बाईने आपली घागर तेथेच टाकली, गावात जाऊन लोकांना बोलावून आणिले आणि गावकऱ्यांनी प्रभूस राहण्याचा आग्रह केला. योहान सांगतो की, तो तेथे दोन दिवस राहिला. ज्या गावात दोन दिवस मुक्काम केला, त्या गावचीच भाकरी त्याने खाल्ली असली पाहिजे आणि त्यांच्याच अंगणात तो निजला असला पाहिजे. शिष्यांना हे दोन दिवस कसे गेले असतील, ते आपण मनात आणावे! अन्न विकत घेऊन यावे आणि वाटेस लागावे, इतकाच त्यांचा त्या गावाशी संबंध होता. प्रभूने मात्र तेथे मुक्काम केला.

हाच अध्याय आपल्या महाराष्ट्रातील एका थोर स्त्रीच्या आयुष्यात कसा उतरला, हे येथे सांगणे योग्य होईल. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. लहानपणापासून त्या आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पायी हिंडल्या. दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण ही थोड्याच काळात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे विधवा झाल्यावर १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनमधील फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी, ज्यांना समाज 'पतित' म्हणून टाकून देतो अशा स्त्रियांमध्ये काम करीत असत. ते काम रमाबाईंनी जाऊन पाहिले. त्या स्त्रियांना तेथे नुसता आसरा मिळत नव्हता. भगिनी त्यांच्याबरोबर राहत, मायेने वागत. आणि आणखी एक गोष्ट रमाबाईंच्या दृष्टीस पडली : पूर्वी त्याच घरात आसऱ्यास आलेल्या कित्येक स्त्रिया आता स्वतःच आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करीत होत्या.

रमाबाईंनी विचारिले की, ख्रिस्ती लोकांना अशा स्त्रियांची काळजी का वाटावी? तेव्हा एका भगिनीने त्यांना हाच योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला आणि त्याचा अर्थ सांगितला. खचलेल्या स्त्रीजातीस वर उचलणारा तारणारा हाच, अशी आपली खात्री तेव्हा झाली, हे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेविले आहे. वाचकांनी लक्षात घ्यावे की, केवढ्या विदुषीचे मन पालटले ते वादविवादाने पालटले नाही. सेवा तिने डोळ्यांनी पाहिली, आणि मग शास्त्रातील गोष्ट तिला कळली.

पुढे १८९६ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी 'मुक्ति' नावाने त्यांचे घर वसविले. पैसे पाठवून काम भागले असते. परंतु भूक म्हणजे काय हे ज्या बाईने स्वतः भोगिले होते, तिला पैसे पाठवून घरी बसणे जमले नाही. १९२२ साली केडगावीच, आपल्या मुलींमध्ये, त्यांनी देह ठेविला.

आता थोरांच्या गोष्टी सोडून आम्ही आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती आमच्या लौकिकाची नव्हे, लाजेची आहे. परंतु एखाद्या उपदेशक बंधूस तिचा उपयोग होईल म्हणून लपवीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने सुगीच्या सणाच्या अर्पणातून काही निराधारांना दरमहा धान्य देण्याचे ठरविले, आणि ते पोहोचविण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांत गावाच्या टोकास राहणारी एक म्हातारी होती. मुलगा पुण्याकडे कामास गेलेला. त्याचे येणे फारसे होत नसे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिच्या दारात पिशवी ठेवीत असू, वहीत खूण करीत असू, आणि एक लहानशी प्रार्थना उभ्या उभ्याच करीत असू. दर वेळी ती म्हणे, "मास्तर, बसा की घटकाभर. च्या टाकते." आम्ही म्हणत असू, "आजी, अजून सहा घरं राहिली आहेत, पुढच्या खेपेला." तिच्याकडे चहासाखर ती किती, ती आम्ही का संपवावी, असाही एक चांगुलपणाचा विचार आम्ही त्यास जोडून ठेविला होता. ह्याप्रमाणे वर्ष गेले. आमची वही बिनचूक होती आणि वार्षिक सभेत तिची वाहवाही झाली.

एके दिवशी ती म्हातारी वारल्याचे कळले. आजार चार दिवसांचाच होता. मूठमाती देऊन परत येताना तिच्या शेजारची बाई आमच्याबरोबर चालत होती. ती बाई मंडळीची सभासद नव्हे, दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस जाणारी. दिवसभर काम करून त्या चारही रात्री म्हातारीच्या उशाशी तीच बसली होती. ती सहज म्हणाली, "दर महिन्याला शनिवार आला की म्हातारी दोन कप-बशा घासून ठेवायची, मास्तर. म्हणायची, आज मास्तर बसतील."

दोन कप-बशा! वर्षभरात बारा वेळा त्या घासल्या गेल्या आणि बाराही वेळा कोरड्या राहिल्या. आम्ही तिच्या दारात धान्य टाकिले. पण ज्या प्रभूच्या नावाने ते टाकिले, तो प्रभू तर अनोळखी बाईजवळ पाणी मागत होता, आणि आम्हांस ओळखीच्या बाईच्या हातचा घोटभर चहा घ्यावयास सवड नव्हती. जिच्याजवळ द्यावयास काही नव्हते, त्या खुरपणीच्या बाईने मंडळीचे काम केले. आणि ज्यांच्याजवळ मंडळीचे धान्य होते, ते आम्ही केवळ हमालाचे काम केले. त्या दिवसापासून हा अध्याय वाचताना आमचा आवाज पूर्वीसारखा निघत नाही.

ह्यावरून कोणी असा उलटा अर्थ काढू नये की, धान्य द्यावयास नको आणि गोड बोलले म्हणजे झाले. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशा लोकांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. उघड्यानागड्यास व उपाशी मनुष्यास ऊब घे, पोटभर जेव, असे म्हणून वाटेस लाविणे आणि त्याच्या देहास हवे ते न देणे, हा विश्वास मेलेला आहे असे तो म्हणतो. ज्याच्या घरी भाकरी आहे त्याने भाकरी न्यावी, आणि आजाऱ्याजवळ बसणाऱ्याने त्याला दवाखान्यातही न्यावे. आमचे म्हणणे इतकेच की, भाकरीबरोबर स्वतःही जावे; आणि ज्याच्याजवळ भाकरी नाही, त्याने भाकरी नाही म्हणून घरी बसू नये.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचा जो दृष्टान्त आहे, तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यात प्रभू सहा कामे सांगतो. भुकेल्यास अन्न द्यावयाचे, तर घरात अन्न पाहिजे. उघड्यास वस्त्र द्यावयाचे, तर ते पेटीत पाहिजे. परंतु शेवटची दोन कामे पाहा : आजाऱ्याकडे जाणे आणि बंदिवानाकडे जाणे. ह्यांस पाय पाहिजेत आणि मन पाहिजे, आणखी काही नको. शिवाय राजा असे विचारीत नाही की, तुम्ही आजाऱ्यास बरे केले काय, किंवा बंदिवानास सोडविले काय? तुम्ही आलात काय, इतकेच तो पाहतो. प्रभूने ही दोन कामे जणू गरीब मंडळ्यांसाठीच राखून ठेविली आहेत.

आता आपल्या गावाकडे दृष्टी टाकू. सरकारच्या २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबांस माणशी पाच किलो धान्य दरमहा मिळते, ही मोठी सोय झाली आहे आणि तिच्याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. परंतु मुलेबाळे शहरात गेलेल्या म्हाताऱ्या मनुष्याच्या घरी धान्य पोहोचले तरी दिवसभरात एकही माणूस पोहोचत नाही, हेही आपण पाहतो.

ज्या भागात उसाचे मळे आहेत, तेथे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कित्येक बीड जिल्ह्यातून येतात. गावाबाहेर रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'एक कोयता' म्हणतात. मनुष्य मोजावयाचा तो हत्याराच्या नावाने! उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पहाटेच्या थंडीत बायका पोरे बांधावर निजवून मोळ्या बांधीत असतात. आपण दर रविवारी त्याच वाटेने उपासनेस जातो. त्या कोप्यांतील एका तरी बाईचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? तिच्याजवळ नाव विचारून घटकाभर बसणे, हे एक सुवार्तेचेच काम आहे.

कुष्ठरोग्यांची गोष्ट घ्या. हा रोग एके काळी असाध्य मानीत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्यासाठी अनेक औषधे मिळून देण्याची पद्धत सांगितली. तेव्हापासून सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो, आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध चालू झाल्यावर रोग दुसऱ्यास लागण्याची भीती लवकरच संपते. परंतु रोग गेला तरी बोटांचे व्यंग कित्येकांस राहते, आणि लोक त्या मनुष्यास दूरच ठेवितात. मत्तयाच्या आठव्या अध्यायात शताधिपतीच्या चाकरास प्रभूने दुरूनच, नुसत्या शब्दाने बरे केले. मग त्याच अध्यायाच्या आरंभी कुष्ठ्यास बरे करिताना हात पुढे करून त्याला स्पर्श का केला? त्याचाही रोग शब्दाने जाण्याजोगा होता. पण वर्षानुवर्षे ज्यास कोणी शिवले नव्हते, त्याचे ते दुःख हाताशिवाय जाणारे नव्हते. आज रोगावरील औषध डॉक्टर देतात. हात देणे हे काम मात्र आपल्याकडे राहिले आहे.

उपदेशक बंधूंस आमची आणखी एक नम्र सूचना आहे. आपणांस बोलण्याची सवय असते. शांत बसणे आपणांस जड जाते. ईयोबावर संकट आले तेव्हा त्याचे तिघे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे असे पाहून कोणी एक शब्दही बोलला नाही. तोपर्यंत त्यांचे सर्व ठीक होते! तोंड उघडल्यावर ते त्याला त्याचे पाप शिकवू लागले, आणि शेवटी देवाच्या रागास पात्र झाले. ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्याकडे जाताना आपले प्रवचन घरी ठेवावे. त्याने विचारिले तर प्रभूचे नाव अवश्य सांगावे, ते लपवू नये. परंतु ऐकण्यास लावावे म्हणून बसू नये. विहिरीवरील बाईशी प्रभू देवाच्या उपासनेविषयी बोलला, पण तिचे बोलणे त्याने अगोदर ऐकून घेतले. आणि गरीब मनुष्य आपल्या वहीत किती वेळा आला, हे मोजू नये; आपण त्याच्या घरात किती वेळा बसलो, हे तो विसरत नाही.

एखादा भाऊ म्हणेल, "बसून काय होते? त्याचे कर्ज फिटत नाही, आजार जात नाही." बाबांनो, ह्याचे उत्तर आम्हांस पूर्णपणे देता येत नाही. इतकेच सांगतो की, देवाने मनुष्यांवर प्रीती केली तेव्हा स्वर्गातून मदत पाठवून तो थांबला नाही, तर स्वतः आला. गोठ्यात जन्मला, सुताराच्या घरी वाढला, कोळ्यांबरोबर जेवला आणि वधस्तंभावर दोन गुन्हेगारांच्या मध्ये टांगला गेला. त्यांतील एकास तो खाली उतरवू शकत होता. त्याने त्याला उतरविले नाही, परंतु तो त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहिला, आणि त्याच दिवशी आपल्याबरोबर असण्याचे वचन त्याने त्याला दिले. मरणाऱ्या मनुष्यास त्याहून मोठे काय द्यावयाचे होते?

तेव्हा आमची विनंती अशी आहे. पुढच्या रविवारापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावातील एक घर निवडावे, ज्या घरी सहसा कोणी जात नाही. काही नेणे शक्य असेल तर न्यावे, नसेल तर रिकाम्या हाताने जावे. दारात उभे राहू नये, आत बसावे. घाई आहे असे म्हणू नये. आणि त्या घरी पाणी, चहा, भाकरीचा कोर, जे पुढे येईल ते आनंदाने घ्यावे. कारण त्या घरच्या मनुष्याने कदाचित आपल्यासाठी सकाळीच भांडी घासून ठेविली असतील.

आपण प्रार्थना करू :

हे प्रभू येशू, तू थकून विहिरीजवळ बसलास आणि जिला सर्वांनी टाकिले होते तिच्याजवळ पाणी मागितलेस. ज्या दारांतून आम्ही घाईने परत फिरलो, त्या दारांबद्दल आम्हांस क्षमा कर. आमच्या गरिबीचे निमित्त आमच्यापासून काढून घे. ज्यांच्याजवळ बसावयास कोणी नाही त्यांच्याजवळ आम्हांस बसव, आणि त्यांच्या हातचे घेण्याची नम्रता आम्हांस दे. तेथे तू आमच्या अगोदर येऊन बसलेला आहेस, हे आमच्या दृष्टीस पडो. आमेन.